गळ्यांची तरतूद

तंजावरला बृहदीश्वराच्या प्राकारात सकाळी शिरले, तेव्हा पायाखालची फरशी अजून गार होती. भिंतींवर, जोत्यावर, जिकडे नजर जाईल तिकडे तमिळ अक्षरं. हातात त्यांचं भाषांतर होतं आणि मला त्यात जुनं गाणं शोधायचं होतं.

राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पूर्ण केलं आणि देवाला काय काय दिलं ते दगडावर कोरून ठेवलं. ४०० नर्तकी. प्रत्येकीचं नाव, कुठल्या गल्लीत कितवं घर, वर्षाला त्या काळच्या मापाने १०० कलम भाताचा वाटा. देवापुढे तेवाराची, म्हणजे तमिळ शिवस्तुतीची, पदं म्हणायला ४८ जण, साथीला उडुक्कैवाला एक, मद्दळमवाला एक; प्रत्येकाला रोज तीन कुरुणी भात. चाल मात्र कुठेच कोरलेली नाही.

पुढे एक अट आहे. गाणाऱ्यांपैकी कुणी वारला किंवा परगावी गेला, तर जवळच्या नातलगाने ते भात घ्यावं आणि गावं. त्याला गाता येत नसेल, तर गाणारा माणूस त्याने शोधून द्यावा.

मी तिथेच थबकले. सूर दगडात राहत नाही, हे राजाला ठाऊक होतं. म्हणून त्याने गळ्यांची तरतूद केली.

त्याच प्राकारात तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे. परमुलखात आपली लिपी भेटली म्हणून मी बोट फिरवत वाचू लागले, तोच आतून ओदुवारांचा, तेवार गाणाऱ्यांचा, आवाज आला. हातात झांज, वय झालेलं, पण स्वर स्वच्छ. शब्द एकही कळला नाही. ओळीच्या शेवटी त्यांनी स्वर लांबवला आणि मला आमच्या गावचा काकडा आठवला.

काकडा म्हणणाऱ्या बुवांना घराघरांतून शिधा जायचा. आई सुपात तांदूळ, डाळ आणि वर गुळाचा खडा ठेवायची. मला ते दान वाटायचं. तो गाण्याचा वाटा होता, हे तंजावरच्या दगडाने सांगितलं.

बुवा गेल्यावर शिधा थांबला, मग काकडाही थांबला. त्यांच्या जागी कुणी उभं राहायचं, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.