बापाचे नाव

आम्ही काही मोठे नव्हे. परंतु आमच्या गावापुरते ‘सर’ खरे. गेल्या दिवाळीत आमचे चिरंजीव, नुकतेच एम. ए. झालेले, म्हणाले, “बाबा, मलाही शिकवायचंच आहे.” आम्ही तत्काळ उत्तर दिले, “दुसरं काहीही कर. लोक जन्मभर तुला सरांचा मुलगा म्हणतील.” चिरंजीव काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणेच आमच्या मनाला लागून राहिले.

अशा मनःस्थितीत जॉन डेव्हिड वॉशिंग्टन या अमेरिकन नटाची हकीकत आमच्या वाचनात आली. वडील डेन्झेल वॉशिंग्टन, दोन ऑस्कर पारितोषिकांचे मानकरी. आई पॉलेटा, गायिका आणि अभिनेत्री. वडिलांच्या ‘माल्कम एक्स’ या १९९२ सालच्या चित्रपटात या मुलाने एक चिमुकले कामही केले होते. परंतु पुढे तो त्या नावापासून पळू लागला. वडील काय करतात असे कोणी विचारले, तर ते बांधकामावर मजुरी करतात, अशी थाप तो ठोकून देई! त्याने अमेरिकन फुटबॉलचा खेळ धरला आणि २००६ साली सेंट लुइस रॅम्स या धंदेवाईक संघाने त्याला घेतले. धावणाऱ्याला मैदानावर कोणी बापाचे नाव विचारीत नाही, हेच त्याचे खरे समाधान असावे.

२०१३ साली पायाची धोंडशीर तुटली आणि खेळ संपला. मग तो नट झाला. आणि २०१५ साली ‘बॉलर्स’ या मालिकेत त्याला भूमिका मिळाली ती फुटबॉलपटूचीच. पळण्यात घालवलेली वर्षेही अशी कामास आली. २०१८ साली ‘माल्कम एक्स’च्याच दिग्दर्शकाने, स्पाइक ली यांनी, त्याला ‘ब्लॅक्लॅन्समन’मध्ये नायक केले. २०२० सालच्या ‘टेनेट’साठी तर तो आपल्या मुंबईतही येऊन गेला. बापाच्या नावाने दार लवकर उघडते, हे खोटे नाही. असे नाव नसलेले कितीतरी गुणी लोक दाराबाहेरच राहतात, हेही विसरता येत नाही. परंतु आत गेल्यावर काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

२०२४ साली त्याने ‘द पियानो लेसन’ या चित्रपटात काम केले. दिग्दर्शक त्याचा धाकटा भाऊ, निर्मात्यांत वडील! ऑगस्ट विल्सन यांच्या मूळ नाटकात एका घरी गुलाम पूर्वजांचे चेहरे कोरलेला पियानो आहे. भावाला तो विकून, पूर्वज जेथे राबले ती जमीन घ्यायची आहे. बहीण विकू देत नाही. पण स्वतः वाजवीतही नाही. अखेरीस घरावर संकट येते, तेव्हा ती वाजवावयास बसते आणि घर वाचते.

चित्रपट संपला तेव्हा आम्ही बराच वेळ दिवा न लावता बसून होतो. चिरंजीवांच्या काळजीने बोललो, असे आम्ही आजवर मानीत होतो. खरे पाहता, लोकांनी दोघांची तुलना करावी, हेच आम्हांस नको होते.

काल त्यांस पत्र टाकले: “अर्ज अवश्य कर. मात्र आमच्या महाविद्यालयात नको. तेथे सुरुवातीस तरी तुला कोणी सरांचा मुलगा म्हणणार नाही. आणि पुढे कधी म्हणालेच, तर थाप ठोकू नकोस.”