हॉटेलची पाटी

मीरा रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की पहिली गाठ तिच्याशीच पडते. आत भटारखान्यात अजून कांदा चिरणं चाललेलं असतं, पोऱ्या टेबलं पुसत असतो, आणि बाईसाहेब मात्र केव्हाच्या नटूनथटून दारावर उभ्या. बोलकी, तोंडाळ, जरा आगाऊच. आडनाव बहुधा ‘शुद्ध शाकाहारी’, जुनं दुकान मोडून नव्यानं थाटलेलं असेल तर कपाळावर ‘न्यू’. मालक बदलतो, आचारी पळून जातो, ती हलत नाही.

म्हातारपणी तिचे हाल होतात. फ्लेक्सवरचा लाल-पिवळा रंग उन्हात आधी उडतो आणि निळा तेवढा उरतो, मग चित्रातलं बटर चिकन विष प्यायल्यासारखं दिसू लागतं. अक्षरांमागे दिवे असले तर आणखी पंचाईत. ‘अमृत’मधला ‘अ’ विझला, तर रात्री त्या दारातून जेवायला आत शिरणार कोण?

पण हे झाले वयाचे भोग. काही पाट्यांचं नशीब बारशालाच फुटतं. त्यातली सगळ्यात कुप्रसिद्ध पाटी आपल्याच पट्ट्यातली, खारघरची. ऑगस्ट 2006 मध्ये तिथे एक रेस्टॉरंट उघडलं, नाव ‘हिटलर्स क्रॉस’. पाटीवर नाझींचं स्वस्तिक, आत हिटलरचा मोठा फोटो. मालकाचं म्हणणं साधं होतं: चारचौघांपेक्षा वेगळं, लोकांच्या लक्षात राहील असं नाव हवं होतं. त्याच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे कडक मास्तरला, शिस्तीच्या बापाला हिटलर म्हणायची रीतच आहे. पुढे 2012 मध्ये अहमदाबादेत कपड्यांच्या दुकानाला हेच नाव दिलं गेलं, तेव्हाही खुलासा तोच होता: भागीदाराचे आजोबा फार कडक, म्हणून त्यांना घरात हिटलर म्हणत.

खारघरच्या पाटीला आपल्या खालून कोण जातं याचा पत्ता नव्हता. खारघर रायगड जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं बेने इस्रायली परंपरेनं सांगतात. ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. घरात मराठी बोलणारे हे यहुदी. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. खारघरच्या शेजारी पनवेलात त्यांचं जुनं सिनेगॉग आहे, ठाण्यातही एक आहे, 1879 चं. म्हणजे साठ लाख यहुद्यांना मारणाऱ्याचं नाव लावलं ते कुठल्या परक्या मुलखात नव्हे, पेणकरांच्या अंगणात! मुंबईतल्या यहुदी समाजानं निषेध केला, इस्रायलच्या वकिलातीनं आवाज उठवला, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी गेली. समाजाची माणसं मालकाला भेटली, बोलली, आणि त्यानं नाव बदललं. हिटलर गेला, ‘क्रॉस कॅफे’ उरलं.

मीरा-भाईंदरच्या पाटीनं तर हे फारच मनावर घ्यायला हवं. तिच्याखालून गुजराती, मारवाडी, मराठी, उत्तर भारतीय, उत्तन-चौकचे ख्रिस्ती कोळी असे सगळेच जातात. एकाला जी गंमत, ती दुसऱ्याच्या घरातलं सुतक असू शकते. प्रेमभंग झालेल्यांना चहा स्वस्त देणाऱ्या ‘बेवफा’ टपरीचं मला काही वाटत नाही. तिथे हसं होतं ते गिऱ्हाइकाचंच, आणि तो हसत पैसे देतो.

सरकारनंही पाटीला शिस्त लावून पाहिली आहे. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की मराठी पाटी छोट्या दुकानांनाही सक्तीची, तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, आणि दारूच्या दुकानांना, बारना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं नकोत. छान केलं. पण हिटलर काही आपल्या महापुरुषांत मोडत नाही, तेव्हा तो या चाळणीतून आरामात निसटतो.

म्हणून हॉटेल काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पाटी करायला टाकण्याआधी नाव आपल्या मजल्यावरच्या चार घरांत मोठ्यानं सांगून या. एका घरात जरी चेहरा उतरला, तरी दुसरं नाव शोधा.