बर्गंडीच्या उतारावरील द्राक्षमळे

फ्रान्समधील दीजाँ शहर मागे टाकून आम्ही दक्षिणेस बोन गावाच्या वाटेला लागलो, तेव्हा उजव्या हातास द्राक्षवेलींनी आच्छादलेली एक ठेंगणी डोंगरओळ सोबतीस आली. सुमारे 50 किलोमीटर लांबीच्या या पट्ट्यास 'कोत दोर' म्हणतात.

येथे तांबड्या द्राक्षारसासाठी मुख्यत्वे पिनो न्वार ही एकच जात लावतात. तरीही शेजारच्या दोन मळ्यांचे रस चवीस सारखे नसतात. याचे कारण पुष्कळसे पायाखाली आहे. उताराच्या मध्यभागी चुनखडीवर मातीचा पातळ थर असतो. पाणी तेथे साचत नाही, मुळांना खोल जावे लागते. फळ थोडे येते, पण रसाने सकस असते. पायथ्याशी माती जाड व चिकण. तेथे वेल माजते, पीक भरघोस येते आणि रस फिका उतरतो. शिवाय रात्रीची थंड हवा खाली साचून कोवळे कोंब करपतात. माथ्यावर गारवा अधिक, म्हणून फळ उशिरा पिकते. पूर्वाभिमुख उतारास सकाळचे ऊन मात्र प्रथम लाभते. अशा प्रत्येक तुकड्यास येथील लोक 'क्लिमा', म्हणजे हवामान, असेच नाव देतात!

हे तुकडे पारखण्यात मठवासीयांचा वाटा मोठा. 1098 साली स्थापन झालेल्या सीतो मठाच्या सिस्टर्शियन बंधूंनी बाराव्या शतकापासून वूजो येथे मळे जोपासले. सुमारे 50 हेक्टरांच्या त्यांच्या मळ्याभोवतीचा दगडी कोट आजही उभा आहे. राज्यक्रांतीत मळा जप्त झाला. परंतु त्यांनी मिळविलेले ज्ञान शेतकऱ्यांच्या हाती राहिले. 2015 साली युनेस्कोने या मळ्यांना जागतिक वारसा मानले.

आता मात्र या ज्ञानाचीच कसोटी लागली आहे. बोन येथे 1354 पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा उपलब्ध आहेत. 1987 पर्यंत तोडणी सरासरीने 28 सप्टेंबरच्या सुमारास होई. 1988 नंतर ती सुमारे 13 दिवस अलीकडे आली आहे. उष्णतेने फळात साखर वाढते व आंबटपणा घटतो. कोंब लवकर फुटल्यास ते थंडीच्या तावडीत सापडतात. एप्रिल 2021 च्या गोठवणाऱ्या रात्रींनी फ्रान्सभर मोठी हानी केली. पूर्वी दुय्यम मानलेल्या थंड, उंच जागांकडे आता शेतकरी आशेने पाहतात.

ज्या मातीचा स्वभाव ओळखण्यास कित्येक पिढ्या लागल्या, तिच्यापाशी आजच्या माळकऱ्यास पुन्हा शिष्य होऊन बसावे लागत आहे. वाचकहो, तेवढा धीर त्याच्या अंगी असावा, एवढीच आमची इच्छा.