उणे उंचीचा प्रवास

दौंडच्या माणसाला उंचीचं वेड लागावं, हा विनोदच. आमच्याकडे भीमेचा काठ, रेल्वेचे रूळ आणि बाकी सगळं सपाट. पण स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती लहानपणी वाचली आणि आपण मुंबईकरांपेक्षा कितीतरी वर राहतो या आनंदात मान ताठ झाली. शिरूरच्या शाखेत कारकून म्हणून चिकटेपर्यंत ती ताठ होती.

चिरंजीवांनी संगणकावर विमान चालवायचा खेळ घालून दिला आणि जुनं दुखणं उलटलं. दिवसभर शिरूरला व्हाउचरं फोडायची, एसटीनं दौंड गाठायचं आणि रात्री नेपाळात उतरायचं! लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर, तीही चढाची. समोर डोंगर. आम्ही चार वेळा डोंगरातच उतरलो.

मग चीनमधलं डाओचेंग यादिंग. उंची ४,४११ मीटर; २०१३ साली सुरू झालेला जगातला सर्वांत उंच नागरी विमानतळ. तिथं आमचं चार आसनी सेसना उभं केलं. हवा इतकी विरळ की पंखांना आधार मिळेना, इंजिनाला दम पुरेना. ४,२०० मीटरची धावपट्टी संपली तरी चाकं जमिनीवरच. म्हणजे विमानाची एसटीच झाली म्हणायची.

खरी गंमत मृत समुद्राकाठच्या बार येहुदाला. तिथली धावपट्टी समुद्रसपाटीच्याही सुमारे ३७८ मीटर खाली! उतरताना उंचीचा काटा शून्यावर आला, थांबेल म्हणावं तर उणेत शिरला. मी ओरडलो, "ओव्हरड्राफ्ट!" आई आतून म्हणाली, "आता कुणाचं बुडालं रे?"

हिनं मात्र शांतपणे विचारलं, "अहो, लेहला उतरता आलं का?"

"आलं की! ३,२५६ मीटर, पण पहिल्याच फटक्यात."

"मग तो बढतीचा फॉर्म का भरत नाही?"

आता या बाईला काय सांगायचं? बढती म्हणजे बदली. बदली म्हणजे कुठंही. आईचे गुडघे, पोराची बारावी, घराचा हप्ता... तीन वर्षं हीच कारणं मी तिला तारीखवार सांगत आलो होतो. ती अर्थातच खरी होती. चौथं, म्हणजे मला भीती वाटते हे, कधी सांगितलं नव्हतं.

"उद्या शेवटची तारीख आहे ना?" ती म्हणाली आणि फॉर्म कळफलकावर ठेवून भाकऱ्या थापायला गेली.

पडद्यावर सेसना उणे ३७८ वर उभं होतं. मी पेन शोधू लागलो. शाई संपलेली. चिरंजीवांचं घेतलं.