घरी राहिलेल्या हाताचा हिशोब

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला कोयता जातो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीवर. बाई घरी राहिली तर तो अर्धा कोयता, आणि उचलही त्याच मापानं खाली येते. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरच्या डोंगरपट्ट्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. घरात लकवा मारलेली सासू असेल किंवा जन्मापासून उठून बसता न येणारं लेकरू असेल, तर दिवाळीच्या सुमारास गाड्या भरायच्या आधी प्रश्न एकच असतो: मागं कोण राहणार? सून राहिली तर घरची निम्मी कमाई गेली. सून गेली तर सगळा सांभाळ म्हाताऱ्या आजीच्या, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मोठ्या पोरीच्या अंगावर. घरातल्या सेवेचं मोल कसं काढायचं, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की बीडमध्ये ते मुकादमाच्या वहीत दरवर्षी लिहिलं जातं. फक्त ते घराच्या खात्यावर नुकसान म्हणून पडतं, आणि सरकारच्या खात्यावर कुठंच दिसत नाही.

कायद्याला ही बाई अगदीच अनोळखी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं काळजीवाहकाची व्याख्या केली, तीत आई-वडील आणि घरचे इतर लोक आले, आणि मोबदला घेणारे-न घेणारे असा भेद ठेवला नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मात्र ती सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही काळजीवाहकाची व्याख्या आहे. पण व्याख्येनं पोट भरत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, मग आणखी काय हवं, असं कुणी म्हणेल. ते पैसे आजारी माणसाचे आहेत; त्याच्या गोळ्या, त्याचं खाणं त्यातून भागवायचं. लाडकी बहीण योजनेला ६५ वर्षांची अट आहे, म्हणजे सत्तरीतली आजी तिथंही बाहेर. आणि ही आजी काय करते ते जवळून पाहिलं पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडाजवळची कातडी लाल होते आणि तिथंच जखम धरते. ओली चादर लगेच धुवावी लागते, आणि फेब्रुवारी उलटला की धुवायला पाणी टँकरचं. नातवंडांची शाळा आणि चूल यातच.

सांभाळणाऱ्या माणसाला भत्ता द्यावा म्हटलं की सगळ्यात मोठा आक्षेप कर्तव्याचा. सासू-सासऱ्यांचं करणं ही काय मजुरी आहे, तिला पैशात मोजलं की माया आटते, असं मनापासून मानणारे खूप आहेत. पण कर्तव्य पैशात मोजायचं काम कायद्यानं कधीच केलंय. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यापुढं मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, आणि आई-बापांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा हवाच. पण मुलांकडून वसूल करताना ज्या कर्तव्याचे रुपये होतात, ते प्रत्यक्ष पार पाडणाऱ्या बाईला द्यायची वेळ आली की एकदम पवित्र होतं, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. भत्ता दिला तर बाई घरातच अडकेल, आणि पुरुष हात झटकून मोकळे होतील. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांच्या देखभालीत होत्या, पुरुष साधारण २१ टक्के; म्हणजे आज भत्ता नसतानाही ती अडकलेलीच आहे. ब्रिटननं १९७६ मध्ये असा भत्ता सुरू केला तेव्हा विवाहित स्त्रियांना वगळलं, कारण त्या तशाही घरीच असणार हे गृहीत होतं. आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी ते युरोपीय न्यायालयात नेलं आणि १९८६ मध्ये तो भेद गेला. आपल्याकडं हेच गृहीतक कागदावर न येता चालतं. म्हणून भत्ता नात्याला न जोडता कामाला जोडावा, करणारा मुलगा असेल तर त्यालाही मिळावा. शिवाय महिन्यातले काही दिवस बदली माणूस मिळायला हवं. सांभाळणारीलाही दवाखाना असतो.

राहिला पैशांचा आणि खोट्या अर्जांचा प्रश्न. केरळ आश्वासकिरणम योजनेत अशा काळजीवाहकांसाठी महिना ६०० रुपयांची तरतूद करतं. रक्कम तुटपुंजी, पण मार्ग दिसतो. बीडच्या गावात कोण कुणाचं करतं हे आशाताईला आणि अंगणवाडीताईला अर्जाशिवाय माहीत असतं. आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. या पैशातून मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघाली, ते योग्यच झालं. त्याच महामंडळाच्या नोंदणीत तोडायला जाणाऱ्या जोडीसोबत मागं सांभाळायला राहणाऱ्या माणसाचंही नाव लिहावं, आणि पहिला हप्ता मुकादमाची उचल वाटली जाण्याआधी त्याच्या खात्यावर पडावा. उचल हातात आल्यावर मागं कोण राहणार हे ठरून गेलेलं असतं.