ओटा लहान, माळा मोठा

माझ्या फोनमधला एक फोटो सहज ३ एमबीचा असतो. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला १ एमबी मेमरीच्या पलीकडचं काही दिसतच नव्हतं. पत्ता सांगायला तारा २०, म्हणजे दोनाचा विसावा घात, बास. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन आणि रॉमसाठी राखीव. डॉस आणि तुमचा प्रोग्रॅम, दोघांनी उरलेल्या ६४० केबीत संसार करायचा. सुरुवातीला तर मशीन १६ किंवा ६४ केबी घेऊनच यायचं.

१९८३मध्ये लोटस १-२-३ आलं. एक्सेलच्या आधीचं. जोनाथन सॅक्सने ते असेम्ब्लीत लिहिलं होतं. अख्खी शीट मेमरीतच असायची, त्यामुळे एक आकडा बदलला की बाकीचे झरझर बदलायचे. लोकांना हे इतकं आवडलं की शीट फुगत गेल्या, आणि एक दिवस स्क्रीनवर 'मेमरी फुल'. मग एका शीटच्या तीन करायच्या आणि कुठला आकडा कुठल्या फाइलमध्ये आहे हे स्वतःच्या डोक्यात ठेवायचं.

१९८५मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने यावर मिळून तोडगा काढला: एक्सपांडेड मेमरी. चाळीतलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. ओटा काही वाढत नाही, पण वर माळा असतो. हवा तो डबा खाली काढायचा, काम झालं की परत वर. इथे माळा म्हणजे वेगळ्या कार्डावरची मेमरी. ओटा म्हणजे राखीव भागातली ६४ केबीची खिडकी, १६-१६ केबीचे चार कप्पे असलेली. गंमत अशी की डबा हलतच नाही. कप्प्याचा पत्ता फक्त माळ्यावरच्या दुसऱ्या जागेकडे वळवला जातो. माळ्यावर ठेवलेलं सांडत नाही, हे महत्त्वाचं.

माझा जन्म या सगळ्यानंतरचा. मी व्हर्च्युअल मशीनमध्ये १९९१चं डॉस ५ टाकून एक शनिवार यात घालवला. माउसचा ड्रायव्हर ६४० केबीच्या वर ढकलायचा, 'मेम' कमांड देऊन बघायचं, क्रम बदलायचा, रीस्टार्ट, परत 'मेम'. थोडे केबी सुटले तरी जीव हरखतो.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला होता. ती गावात बचत गटाचा हिशोब बघते. फोन २ जीबीचा, म्हणजे त्या ६४० केबीच्या सव्वातीन हजार पट. एका ॲपमध्ये ती लांबलचक फॉर्म भरते, शेवटी ओटीपी मागतात. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊन परत येते, तर फॉर्म कोरा. जागा कमी पडली की अँड्रॉइड मागे राहिलेलं ॲप बंद करतं, म्हणून हे होतं. बंद होण्याआधी भरलेलं जपून ठेवायची सोयही देतं. ती वापरायची की नाही, हे ॲप लिहिणाऱ्याच्या हातात.

मावशीने उपाय काढलाय. सगळी उत्तरं आधी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहायची. ओटीपी वर झळकला की तेवढ्यात पाठ करायचा. मशीनची मेमरी पुरली नाही की माणसाची वापरायची, हे लोटसवाल्यांनीही केलं. पण त्यांना मशीन निदान सांगायचं तरी, की जागा माझी संपली. मावशीला कुणीच काही सांगत नाही. "माझंच बोट कुठंतरी चुकीचं लागत असेल गं," ती म्हणाली. बचत गटाचा रुपयान् रुपया जुळवणारी बाई!

मला राग आला तो या वाक्याचा. मेमरी कमी असणं हा काही तिचा गुन्हा नाही.

ऑफिसात आमच्याकडे टेस्टिंगसाठी सगळे महागडे फोन आहेत. मी स्वतःच्या पैशांनी २ जीबीचा एक जुना फोन घेतला आणि टेबलावर ठेवला. आमचं प्रत्येक नवं व्हर्जन आधी त्याच्यावर चालवते. फॉर्म अर्धा भरते, मेसेजमध्ये जाते, चार फोटो उघडते आणि परत येते. भरलेलं जागेवर असेल, तरच पुढे.