वजन कुठं उतरतं

अलिबागजवळच्या सासवणे गावातल्या एका मुलानं देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या पाहण्यात आलं आणि त्यांच्या मदतीनं तो मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजेच नानासाहेब. जन्म १८९१चा. वडील शेती सांभाळून गणपतीच्या मूर्ती करायचे, त्यामुळे मातीची ओळख घरातलीच. मला त्या भिंतीचं फार अप्रूप वाटतं. देवळात येणारा-जाणारा कुणीही जे पाहू शकेल, अशा जागी या माणसाच्या कामाची सुरुवात झाली, आणि त्याचं सगळ्यात मोठं कामही उघड्यावरच उभं राहिलं.

ते काम म्हणजे पुण्यातला अश्वारूढ शिवाजी. आम्ही त्याला ‘एसएसपीएमएसचा पुतळा’ म्हणायचो, कारण तो त्या शाळेच्या आवारात आहे आणि माझं बालपण तिथून जवळच गेलं. या स्मारकामागे शाहू महाराजांचा पुढाकार होता. १९२१मध्ये पायाभरणी झाली, पुढच्याच वर्षी महाराज गेले, आणि १९२८मध्ये पुतळ्याचं अनावरण झालं. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा माझगावच्या गोदीत ब्राँझमध्ये एकसंध ओतला होता. लहानपणी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते आमचे चित्रकलेचे सर. ते आम्हाला तिथं घेऊन जायचे आणि पुतळ्याच्या समोर नाही, मागच्या बाजूला बसवायचे. “चेहरा सगळेच बघतात,” ते म्हणायचे, “तुम्ही वजन बघा. स्वाराचं वजन घोड्यावर कुठं पडतंय, आणि घोड्याचं जमिनीत कुठं उतरतंय?”

कागदावर पेन्सिल फिरवता फिरवता हळूहळू दिसू लागलं. मांड टाकलेल्या माणसाच्या कंबरेतला ताण, पाठीखाली आलेला भार पेलणारे घोड्याचे मागचे पुठ्ठे. धातूचा एवढा मोठा ऐवज त्या मानानं बारीक पायांमधून चौथऱ्यात जातो, आणि तरी बघणाऱ्याला घोडा दबलेला वाटत नाही. पुतळा बघायला मी तिथं शिकले. पुढं कुठल्याही चौकात गेले, तरी पाय आपोआप मागच्या बाजूला वळायचे.

नोकरीनं मुंबईत आणलं. गेटवेचा अश्वारूढ शिवाजी सदाशिव साठे यांचा, १९६१चा. साठ्यांनी तो घडवला तेव्हा त्यांची पस्तिशीही उलटली नव्हती. काळा घोडा मात्र नावापुरताच होता. राजा एडवर्डचा तो पुतळा १९६५मध्ये राणीच्या बागेत हलवला होता, तरी लोक पत्ता सांगताना त्याच घोड्याची खूण सांगत. २०१७मध्ये तिथं स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. मला तो आवडतो. राजा गेला तरी लोकांना घोडा हवा होता, आणि तो त्यांना मिळाला.

ओतकाम पाहायला मिळालं ते बऱ्याच उशिरा, एका ओळखीच्या शिल्पकारामुळे. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर मातीचं काम, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्याच्या आत मेणाचा थर. मेणाच्या आत-बाहेर उष्णता सोसणारं मिश्रण भरून सगळं भट्टीत तापवतात, मेण वितळून निघून जातं आणि राहिलेल्या पोकळीत तांबं-कथलाचा रस ओततात. म्हणजे बाहेरून भरीव दिसणारा पुतळा आतून पोकळ असतो, आणि ते धातूचं कवच किती जाड ठेवायचं, आत आधार कुठं द्यायचा, हे सगळं कधीही न दिसणाऱ्या भागात ठरतं. चुका दुरुस्त करायच्या त्या मातीतच, हे तिथल्या कारागिरानं मला दोनदा सांगितलं.

सासवण्याला जायला गेटवेवरून मांडव्याची लाँच धरायची. साठ्यांच्या शिवाजीला पाठीमागे ठेवून करमरकरांच्या गावाला निघायचं, हा योग मला फार प्रिय आहे. त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. लंडनमध्ये शिकून आलेल्या, संगमरवर आणि ब्राँझ हाताळलेल्या या शिल्पकारानं गावी साध्या सिमेंटमध्ये पुष्कळ काम केलं. ‘शंखध्वनी’, ‘मत्स्यगंधा’, आणि अंगणातली म्हैस. पूर्ण आकाराची म्हैस! तिच्यापाशी मी तासभर थांबले. पोटाचा घेर, पाठीचा कणा, सैल कातडीखालची हाडं. तिला चौथरा नाही, तिच्याभोवती फिरून हवं तितकं बघता येतं. पुण्याच्या घोड्यात जी नजर आहे, तीच इथं आहे, तसूभरही कमी नाही. महाराजांसाठी एक हात आणि गावातल्या कोळणीसाठी, म्हशीसाठी दुसरा, असं या माणसानं केलं नाही. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण इथं आहे.

२६ ऑगस्ट २०२४ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. ती बातमी ऐकून मी रडले. त्यानंतर कित्येक दिवस वाद चालला, नवा पुतळा किती फुटांचा असावा याची चर्चा तर जागोजागी. मला पुन्हा पुन्हा सरांचा प्रश्न आठवत होता.

मध्यंतरी आमच्या उपनगरात एका पुतळ्यासाठी सभा झाली. तिथंही पहिला प्रश्न उंचीचा. मी उठून मागणी केली, की मातीचं काम पुरं झालं की ते आठवडाभर लोकांना पाहायला खुलं ठेवा, चौथऱ्यावर नाही, जमिनीवर, सगळ्या बाजूंनी फिरता येईल असं. शाळेची मुलं आणा, त्यांना कागद-पेन्सिल द्या. आतल्या सांगाड्याचा आराखडा शेजारी लावा. आणि शिल्पकाराबरोबर ओतकाम करणाऱ्याचंही नाव पाटीवर कोरा, अनावरण करणाऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. अध्यक्षांनी ते टिपून घेतलं. पुढच्या सभेला मी जाणार आहे, आणि टिपलेलं वाचून दाखवा म्हणणार आहे.